मेंढरांतलं किंवा शेळ्यांतलं

मोरियाच्या डोंगराकडे बापलेक चालले आहेत, बायबलातले अब्राहाम आणि इसहाक. तिसरा दिवस. गाढव आणि गडी खाली थांबवलेत. होमाची लाकडं पोराच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. या सबंध गोष्टीत इसहाक एकदाच काय ते बोलतो. "बाबा," म्हणून हाक मारतो, बाप "काय रे बाळा" म्हणतो, आणि मग तो विचारतो: विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी 'से' कुठंय?

"आय्ये हा-से?" हिब्रूत प्रश्न एवढाच. आणि अब्राहामाचं उत्तर: देव से बघेल होमाला, बाळा. आता गंमत अशी, की तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीत ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. 'होमाला' आणि 'बाळा' हे दोन शब्द शेजारी उभे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी बसून ज्यानं जवळजवळ सगळ्या हिब्रू बायबलवर भाष्य लिहिलं, त्या राशीनं हे वाक्य असं उलगडलं: देव से निवडेल, आणि से नसेलच, तर होमाला तूच, बाळा. त्यानं पुढं म्हटलं आहे, की इसहाकाला तेव्हा कळलं आपल्याला कुठं नेताहेत ते. तरीही दोघं बरोबर चालत राहिले.

हे वाक्य मी हिब्रूत पहिल्यांदा वाचलं ते ठाण्यात, शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मावशींच्या जेवणाच्या टेबलावर. मावशी शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर काही वर्षं लेकाकडे इस्राएलमध्ये अश्दोदला राहून आल्या, तिथल्या वर्गात हिब्रू पक्कं करून घेतलं, आणि "तिकडे आपल्यासारखा पाऊस नाही गं" एवढं कारण सांगून परत आल्या. माझं हिब्रू त्यांच्याकडचं. शिकवणी वगैरे नव्हती. त्या मटार सोलत, मी अक्षरं लावत वाचायची. 'से'पाशी आल्यावर मी सवयीनं "कोकरू" म्हटलं. मावशी मटारातून वर न बघता म्हणाल्या, "मेंढीचं की शेळीचं?"

मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही हा प्रश्न विचारायची गरज पडू नये. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, घोडीचं शिंगरू, मेंढीचं कोकरू, शेळीचं करडू. तिसरी-चौथीत हे पाठ करून घेतात आणि ते जन्मभर डोक्यातून जात नाही. कोकरू म्हटलं की मेंढीचंच. पण 'से' म्हणजे ते नव्हे. 'से' मेंढीही असते, शेळीही असते. अनुवाद नावाच्या मोशेच्या पाचव्या पुस्तकात, १४व्या अध्यायात कोणती जनावरं खायला चालतात त्यांची यादी आहे, तिथं स्पष्टच म्हटलं आहे: मेंढ्यांतलं से आणि शेळ्यांतलं से. शब्दकोशातही पहिला अर्थ असाच सापडतो: कळपातलं एक जनावर, मेंढी वा शेळी.

त्यातली मूळ खुबी कळायला त्याचा जोडीदार शब्द बघावा लागतो: 'त्सोन'. त्सोन म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा एकत्र कळप. यहूदियाच्या डोंगरात नि नेगेवच्या माळावर दोन्ही एकत्रच चरतात. मेंढी गवताला तोंड लावते, शेळी झुडपांना, तेव्हा एका राखणीत दोन्ही निभतात. त्सोन या शब्दाला एकवचन नाही. कळपातलं एकच जनावर बोलायचं झालं की शब्द बदलतो, 'से' येतो. आणि 'से'ला बायबलात अनेकवचन जवळपास नाहीच. गुरांचंही तसंच: 'बाकार' म्हणजे गुरंढोरं, त्यातलं एक म्हणजे 'शोर'. आपल्याकडे कळपाला असा एक शब्द नाही म्हणून आपण शेळ्यामेंढ्या असा जोडशब्द चालवतो. पुण्यात सरकारी महामंडळ आहे, त्यालाही 'मेंढी व शेळी विकास महामंडळ' असं दोघींचं नाव घ्यावं लागलं. हिब्रूत ते त्सोन महामंडळ झालं असतं आणि पाटीवर जागा उरली असती.

म्हणजे 'से'मध्ये जात ठरलेली नाही. वयही ठरलेलं नाही. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघायच्या रात्रीची आज्ञा निर्गम या मोशेच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे, तिथं प्रत्येक घरानं एक से घ्यावं असं सांगून मोशेला लगेच खुलासा करावा लागतो: ते अव्यंग असावं, नर असावं, वर्षाचं असावं, आणि मेंढरांतलं किंवा शेळ्यांतलं घ्यावं. 'से'चा अर्थ मुळातच कोवळं कोकरू असता तर वय सांगायची आणि शेळ्यांचं नाव काढायची गरजच नव्हती. मराठी बायबलात मात्र हा वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, बळी 'कोकरू'च आहे. मग पुढच्याच शब्दांत ते कोकरू बकऱ्यांतलंही चालेल असं वाचलं, की गावाकडचा माणूस अडखळतो. बकरीला कोकरू कधी झालं?

यात भाषांतरकारांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मराठीनं इथं फार बारीक कातलंय, त्यामुळे ढोबळ शब्द हाताशी नाही. 'जनावर' म्हणावं तर बैलापर्यंत जातं, 'मेंढरू' म्हणावं तर शेळी बाहेर राहते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनात सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं. संस्कृतचा एवढा मोठा अधिकार असलेल्या बाईंना 'पशु' आणि 'अज' यांतला फरक कोणी सांगायला नको होता. त्यांच्याही पुढ्यात हा 'से' येऊन उभा राहिलाच असणार.

हिब्रूत कोवळ्या पिल्लांना शब्द नाहीत असं मात्र नाही. उलट रेलचेल आहे. करडाला 'गेदी', मृत समुद्राकाठचं एन गेदी म्हणजे करडाचा झरा. वर्षाच्या आतला मेंढीचा नर 'केव्हेस'. यरुशलेमच्या मंदिरात रोज सकाळ-संध्याकाळ होमाला जायचे ते हे केव्हेस. खाऊन-पिऊन तयार झालेला तो 'कार'. मवाबचा राजा मेशा हा मेंढ्या पाळणारा होता आणि इस्राएलच्या राजाला एक लाख 'कार' खंडणी द्यायचा, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. (हा मेशा कपोलकल्पित नव्हे. त्यानं स्वतः कोरून घेतलेला शिलालेख १८६८ साली आज जॉर्डनमध्ये असलेल्या दिबानला सापडला, आता लूव्हरमध्ये आहे. त्यात तो इस्राएलवर आपण कशी मात केली ते सांगतो. एक लाख मेंढ्यांची गोष्ट त्याच्या बाजूनं कशी दिसली असेल, ते त्यावरून समजावं.) आजच्या हिब्रूत 'कार' म्हणजे उशी, हे अश्दोदच्या दुकानात कळल्यावर मावशींना हसू आवरेना.

आणि दूध पिणारं, अंगावरचं पिल्लू ते 'ताले'. हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. शमुवेल संदेष्टा पलिष्ट्यांच्या लढाईआधी होम करतो तो 'दुधाच्या ताले'चा. लांडगा आणि ताले एकत्र चरतील, हे यशया संदेष्ट्याचं स्वप्न प्रसिद्धच आहे. मेष राशीला हिब्रूत तालेच म्हणतात. याचा अरामी भाऊबंद 'तल्या'. त्याचा अर्थ पोरगाही होतो आणि कोकरूही. त्याचं स्त्रीलिंगी रूप मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना ठाऊक आहे: मार्काच्या शुभवर्तमानात येशू बारा वर्षांच्या मेलेल्या मुलीचा हात धरून म्हणतो, "तलीथा कूम," मुली, ऊठ. ग्रीक पुस्तकात हे दोन शब्द अरामीतच ठेवलेत, आणि लगोलग अर्थही सांगितलाय. पोरीला लाडानं कोकरू म्हणणाऱ्या भाषेत ही हाक परकी वाटायचं कारण नाही.

आपण 'से'चं भाषांतर 'कोकरू' करतो तेव्हा हे सगळं दूध आणि लाड आपण त्याच्या अंगाला लावतो. पण 'से' हा लाडाचा शब्द नाही, मोजणीचा आहे. कळपातून एक वेगळं काढलं, चोरलं, हरवलं, विकलं, कापलं, की तिथं 'से' हजर.

कायदा बघा. निर्गमात चोरीची शिक्षा आहे: बैल चोरून कापला किंवा विकला तर पाच गुरं भरावीत, से चोरलं तर चार शेळ्यामेंढ्या. पाच आणि चार का, यावर तालमुदात, यहुदी धर्मपंडितांच्या म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, खल आहे. रब्बी मेईर म्हणतात, श्रमाची किंमत बघा. बैल कामातून गेला म्हणून पाच, से काही काम करत नव्हतं म्हणून चार. पण त्याआधी रब्बान योहानान बेन झक्काई वेगळंच सांगतात. बैल आपल्या पायांनी चालत चोराबरोबर गेला. से चोराला खांद्यावर टाकून न्यावं लागलं. चारचौघांत तेवढी त्याची शोभा झाली, म्हणून एक कमी. बघा, देवाला माणसाच्या अब्रूची किती पर्वा आहे, असं ते म्हणतात. चोराच्या अब्रूची!

खांद्यावर आडवं टाकलेलं जनावर, पुढचे दोन पाय एका मुठीत, मागचे दोन दुसऱ्या मुठीत, मानेला लागणारी त्याच्या पोटाची ऊब, आणि कानाशी बें बें. कोणी समोरून आलं तर लपवायचं कुठं? ज्यानं ही सूट दिली त्यानं असा माणूस जवळून पाहिलेला असणार. कायद्याच्या पुस्तकात चोराची मान किती दुखली याचा हिशोब मी दुसरीकडे कुठं वाचलेला नाही.

हा चारपटीचा आकडा पुढं भलत्याच ठिकाणी उगवतो. दावीद पोरगा असताना गल्याथाशी लढायला निघतो, तेव्हा शौल राजा त्याला म्हणतो, तू लहान आहेस. दावीद सांगतो, मी बापाचा कळप राखतो. सिंह किंवा अस्वल येऊन कळपातलं से उचलायचं, मी मागं धावून त्याच्या तोंडातून सोडवायचो. एवढ्यावर त्याला रणात जायची परवानगी मिळते. पुढं तो राजा होतो, गच्चीवरून बथशेबा दिसते, तिच्या नवऱ्याला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवतो. मग नाथान संदेष्टा येऊन त्याला एक गोष्ट सांगतो. एका गावात दोन माणसं, एक श्रीमंत, एक गरीब. श्रीमंताकडे त्सोन आणि बाकार, दोन्ही भरपूर. गरिबाकडे विकत घेतलेली एक लहानशी 'किव्सा', मेंढीची पाठ म्हणा. पाठ शेळीची असते हे मला माहीत आहे, पण मेंढीच्या मादी पिल्लाला आपल्याकडे असा सुटसुटीत शब्द मला सापडला नाही. ती त्याच्या लेकरांत वाढली, त्याच्या घासातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची, त्याला लेकीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्यानं आपल्या कळपातलं जनावर न कापता गरिबाची किव्सा कापली.

दावीद संतापून उठतो: हा माणूस मरणालाच लायक आहे, त्यानं किव्सेची चौपट भरली पाहिजे! रागातसुद्धा त्याला कलम बरोबर आठवलं. से चोरलं तर चार. तो कळपात वाढलेला माणूस होता, तेव्हा हा भाव त्याला तोंडपाठच असणार. "तो माणूस तूच," नाथान म्हणतो. तालमुदाच्या मते दावीदानं ही चौपट भरली: बथशेबेचं पहिलं मूल, अम्नोन, तामार, अबशालोम. स्वतःच्याच चार लेकरांवर हिशोब फिटला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो तो शिक्षेनं नव्हे, तर चोरीचं गणित इतक्या सरळपणे घरात शिरतं म्हणून. आजच्या हिब्रूतही गरिबाची एकुलती चीज कोणी लाटली, तर वर्तमानपत्रात तिला 'गरिबाची किव्सा' म्हणतात.

से हरवतंही. अनुवादात आज्ञा आहे: भावाचा बैल किंवा त्याचं से भरकटलेलं दिसलं तर तोंड फिरवू नकोस, परत नेऊन दे. ११९वं स्तोत्र हे सगळ्या स्तोत्रांत लांब, १७६ ओळींचं. हिब्रू बाराखडीच्या क्रमानं देवाच्या नियमांची नुसती आरती. मी नियम पाळतो, मला नियम आवडतात, रात्री उठून नियम आठवतो, असं १७५ ओळी चाललेलं. आणि शेवटची ओळ: हरवलेल्या से-सारखा मी भरकटलोय, तुझ्या सेवकाला शोध. मला तो कवी त्या एका ओळीसाठी भेटावासा वाटतो.

यशयाचा ५३वा अध्याय मात्र सगळ्यांत जास्त ओढाताण झालेला. कत्तलीला नेलेल्या से-सारखा, आणि कातरणाऱ्यांपुढे मुक्या राहिलेल्या 'राहेल'सारखा, देवाच्या सेवकानं तोंड उघडलं नाही. राहेल म्हणजे मेंढी. हो, तेच नाव. याकोबाला विहिरीवर भेटलेली, बापाची मेंढरं घेऊन आलेली राहेल. बेने इस्राएल घरांत हे नाव आजही पिढ्यानपिढ्या चालू आहे, आणि मावशींच्या मते त्यांच्या नात्यातल्या एकाही राहेलला मुकं राहणं जमलेलं नाही. ख्रिस्तापूर्वी या पुस्तकाचा ग्रीक अनुवाद झाला तेव्हा 'से'च्या जागी मेंढरू आलं आणि 'राहेल'च्या जागी कोकरू. पुढं योहानाच्या शुभवर्तमानात 'देवाचा कोकरा' येतो तो ग्रीक शब्द हाच. ख्रिस्ती चित्रांतलं ते पांढरंशुभ्र, निशाण धरलेलं कोकरू तिथून पुढं चालत आलं. माझी तक्रार नाही. त्या प्रतिमेनं युरोपात फार सुंदर चित्रं काढवली. फक्त तिच्यामागे कुठंतरी एक शेळीही उभी आहे, एवढं लक्षात असावं.

यहुदी वाचकांनी तो अध्याय वेगळा वाचला. राशीच्या मते तो मुका सेवक म्हणजे सगळं इस्राएलच. यिर्मयानंही इस्राएलला म्हटलं आहे, पांगलेलं से, सिंहांनी हुसकलेलं. पण विसाव्या शतकात या उपमेला जे झालं त्याला तोड नाही. १९४१ सालची शेवटची रात्र, लिथुआनियातल्या व्हिल्नाचा घेट्टो, नाझींनी यहुद्यांना कोंडलेली वस्ती. तरुणांच्या गुप्त बैठकीत अब्बा कोव्हनरनं लिहिलेलं पत्रक वाचलं गेलं: हिटलरनं युरोपातल्या सगळ्या यहुद्यांना संपवायचा बेत केलाय, तेव्हा मेंढरांसारखे कत्तलीला जाऊ नका. त्याच्या ओळीतला शब्द 'से' नव्हे, 'त्सोन' आहे, ४४व्या स्तोत्रातला. कळप. आणि झालं असं, की लढा म्हणून दिलेली ही हाक लढाईनंतर टोमणा झाली. इस्राएलमध्ये पहिल्या वर्षांत छावण्यांतून वाचून आलेल्यांना विचारलं जायचं, मेंढरांसारखे कसे गेलात? १९६१ साली नाझी अधिकारी आइखमनच्या खटल्यात साक्षीदार एकेक करून उभे राहिले, आपलं गाव, आपली आई, आपला धाकटा भाऊ असं नाव घेऊन बोलू लागले, तेव्हा कुठं तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या माना खाली जाऊ लागल्या.

कळप म्हणून बोलणं सोपं असतं. मोजायला दार अरुंद लागतं. मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या गाभ्यातल्या जुन्या नियमसंग्रहात, जनावरांच्या दशांशाची रीत दिली आहे ती अशी: सगळी जनावरं वाड्यात कोंडायची, आणि दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन एकदम बाहेर पडता कामा नयेत. मालक काठी घेऊन उभा. एक, दोन, तीन, चार... दहावं बाहेर येईल त्यावर तांबड्या रंगाची खूण करायची आणि म्हणायचं, हे दशांशाचं. निवडून द्यायचं नाही. दहावं जे येईल ते, धडधाकट असो की लंगडं. यहुदी नव्या वर्षाला जगातले सगळे देवापुढून असेच एकेक करून जातात, असं त्याच मिश्नात म्हटलंय. बाबेलच्या पंडितांनी त्याचा अर्थ मेंढीची पिल्लं जातात तसे, असा लावला. त्याच सणात, दुसऱ्या दिवशी, सिनेगॉगमध्ये इसहाकाची गोष्ट वाचतात आणि मेंढ्याचं शिंग फुंकतात. कारण शेवटी त्या डोंगरावर से आलंच नाही. झुडपात शिंगं अडकलेला दिसला तो 'आयिल', पुरता वाढलेला मेंढा.

मला या शब्दाचा खरा जीव दिसतो तो वल्हांडणाच्या आज्ञेत, आणि तोही कापण्याच्या भागात नाही. महिन्याच्या दहाव्या दिवशी से घरात आणायचं, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचं. मधले चार दिवस ते घरातच. एका जुन्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्यांनी ते खाटेच्या पायाला बांधलं होतं, आणि मिसरी शेजारी विचारायला आले की हे काय चाललंय, कारण त्यांचं ते दैवत. असेल. मला मात्र घरातली पोरं दिसतात. चार दिवस खाटेला बांधलेल्या पिल्लाला पाला कोण घालणार, पाणी कोण दाखवणार? कळपातून वेगळं काढलेलं ते, म्हणजे से. पण चार दिवसांत ते नाथानाच्या गोष्टीतली किव्सा व्हायला काय वेळ लागतो? आज्ञा देणाऱ्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही.

त्याच आज्ञेत आणखी एक साधी गोष्ट आहे. घर से-ला पुरेसं मोठं नसेल, तर शेजाऱ्याबरोबर मिळून घ्या, खाणाऱ्यांची तोंडं मोजून. एकट्यानं उरवायचं नाही, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. पुढं मंदिराच्या काळात आधीच नाव नोंदवलेल्यांनीच त्या बळीतलं खायचं असा नियम झाला. डाळिंबाच्या लाकडाच्या सळईवर ते सबंध भाजायचं, आणि हाड मोडायचं नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि यहुद्यांचा हा बळी थांबला. शोमरोनी लोक, तोरा मानणारा एक वेगळा पंथ, संख्येनं हजाराच्याही आत, नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर अजून दर वर्षी तो देतात. बाकीच्यांच्या सणाच्या ताटात उरलं एक भाजलेलं हाड. त्याला म्हणतात 'झ्रोआ', बाहू. बरेच जण तर त्या रात्री भाजलेलं मांस मुद्दाम टाळतात, मंदिर नसताना बळी दिल्यासारखं दिसू नये म्हणून.

कोकणात हे सगळं कसं पोचलं आणि किती काळ विसरलं, हा मोठा विषय आहे. बेने इस्राएलांचा हा सण जुन्या मराठीत 'अनाशी ढाकाचा सण' होता, आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा. मिसर, मोशे, सगळं मागं पडलं होतं, पण त्या दिवसांत आंबवलेलं काही नको एवढं मडक्याला आठवत होतं. १८७४ साली पुण्यात या रात्रीचं पोथीपुस्तक मराठी अर्थासह छापलं गेलं, त्यात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळ्या लाटताहेत, भाजताहेत, अशी चित्रं आहेत. मावशींच्या आजीकडे, रेवदंड्याला, आणखी एक चाल होती: त्या दिवशी कापलेल्या जनावराच्या रक्तात हात बुडवून तो कागदावर उमटवायचा आणि कागद दारावर डकवायचा. पाची बोटं सुटी. मिसरातली दारं वाचली ती या खुणेनं. "जनावर कुठलं?" मी विचारलं. "बोकड," मावशी म्हणाल्या. "अष्टागारात मेंढी कुठून येणार? पावसानं खूर कुजतील तिचे."

मोशेच्या त्या खुलाशाची अशी गरज पडते. मेंढरांतलं किंवा शेळ्यांतलं. घाटावर हे वाक्य कोणी वाचलं असतं तर 'किंवा'कडे लक्ष गेलं नसतं. रेवदंड्यात मात्र सगळा सण त्या 'किंवा'वर चालला.

परवा मावशींबरोबर झ्रोआ आणायला गेले होते. मुंबई-ठाण्यात मटण म्हणजे बकऱ्याचंच, त्यात विचारायचं काही नाही. खाटीक ओळखीचा. "पुढच्या पायाची नळी दे, अख्खी," मावशींनी सांगितलं, "तोडू नको. आणि सूपासाठी वेगळी दे पाव किलो." त्यानं खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सुरी फिरवून हाड मोकळं केलं, थोडं मांस राखून वर्तमानपत्रात गुंडाळलं. घरी येऊन त्यांनी ते गॅसच्या जाळावर धरलं, चिमट्यात, वांगं भाजतात तसं फिरवत. तेवढ्यात अश्दोदहून लेकाचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाईंनी तिकडचं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं: कडू पाला, खजुराचं शिऱ्यासारखं, अंडं, आणि झ्रोआच्या जागी कोंबडीचा पंख. तिकडे पुष्कळ घरांत तसंच करतात, आणि शास्त्राप्रमाणे ते चालतंही. ती फक्त आठवण आहे, बळी नव्हे.

मावशींनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "अगं पण कोंबडी कधीपासून से झाली?" त्या म्हणाल्या. पलीकडून लेक काहीतरी रब्बींचं मत सांगायला लागला, इकडे हाड एका बाजूनं जास्तच करपलं, आणि मावशींनी फोन माझ्या हातात दिला.